हायकू व्हीएममध्ये चालत नाही? आधी मार्गदर्शिकेचं पान तपासा

‘पानावर लिहिलंय तसंच्या तसं केलं, तरी हायकू सुरू होत नाही.’

आम्ही काही जण मिळून हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेला दुसरा संगणक) कशी चालवायची याची मराठी मार्गदर्शिका सांभाळतो. गेली तीन वर्षं हे वाक्य दर दोन-चार महिन्यांनी कुणाकडून तरी ऐकू येतं. आमच्यातला कुणीतरी वेळ काढतो, स्क्रीन शेअर करून त्या एका माणसाचं मशीन चालू करून देतो. सगळ्यांना बरं वाटतं. पान मात्र होतं तसंच राहतं आणि पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पाय घालतो.

म्हणून हे दोघांसाठी लिहितोय: ज्याचं मशीन आत्ता अडकलंय त्याच्यासाठी, आणि ज्याच्या हातात असं एखादं पान आहे त्याच्यासाठी. दुसऱ्यासाठी जरा जास्त, कारण आमच्याकडे आलेल्या तक्रारींचा माग काढत गेलो तेव्हा बहुतेक वेळा पानातलंच एखादं वाक्य चुकीचं किंवा अर्धवट निघालं.

हायकू माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये बी इन्कॉर्पोरेटेड या कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने विकत घेतली आणि बीची बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडली. तिच्यावर जीव असलेल्या लोकांनी ‘ओपनबीओएस’ या नावाने ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. २००४ मध्ये प्रकल्पाचं नाव हायकू झालं. पहिली अल्फा २००९ मध्ये आली, पहिली बीटा २०१८ मध्ये आणि पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये. ३८४ एमबी मेमरीत ती चालते. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या आत एक अख्खी दुसरी सिस्टिम सुखाने नांदताना बघायला मिळते, ती याचमुळे. नवखा माणूस हायकूला पहिल्यांदा भेटतो तो जवळपास नेहमी व्हीएममध्येच. म्हणजे व्हीएमचं पान हा या घराचा उंबरठा आहे आणि तिथेच ठेच लागली तर माणूस आत येत नाही.

लक्षण नीट लिहून घ्या: कितव्या चित्रावर अडकलं?

‘चालत नाही’ एवढ्यावरून काहीच करता येत नाही. हायकूच्या बाबतीत नशीब असं की बूट होताना पडद्यावर सात छोटी चित्रं ओळीने दिसतात आणि एकेक टप्पा पार पडला की एकेक उजळत जातं. अणूचं चित्र म्हणजे मॉड्यूल तयार होताहेत. भिंग असलेली डिस्क म्हणजे मूळ फाइल सिस्टिम उभी राहते आहे. मग कार्डाचं चित्र, तिथे उपकरणं ओळखली जातात. चौथं बूट डिस्कचं, तिथे डिस्क माउंट होते. पाचवं चिपचं, प्रोसेसरची खास मॉड्यूल. सहावं फोल्डरचं, उरलेल्या व्यवस्थांची जुळवाजुळव. सातवं रॉकेट: सिस्टिम सुरू करणारी स्क्रिप्ट धावली.

हे आमच्या पानावर पहिली दोन वर्षं नव्हतंच. ते लिहिल्यापासून मदत मागायला येणाऱ्याचं वाक्य बदललं. ‘हायकू अडकतं’ म्हणणारे लोक ‘चौथ्या चित्रावर थांबतं’ म्हणू लागले. या एका बदलाने जितका वेळ वाचला तितका दुसऱ्या कशानेच वाचला नाही. चौथ्यावर थांबलं म्हणजे डिस्क सापडत नाही: इमेज (हायकूची इंटरनेटवरून उतरवलेली फाइल) अर्धवट उतरली आहे का ते तिचा चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते सांगणारा क्रमांक, जुळवून बघा, आणि व्हीएममध्ये डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडली आहे ते बघा. एका मुलीने हौसेने वेगळाच कंट्रोलर निवडला होता. डिस्क साध्या साटा एएचसीआयला जोडली आणि दोन मिनिटांत डेस्कटॉप आला. रॉकेट उजळून मग पडदा काळा झाला तर संशय ग्राफिक्सवर घ्या. बूट होताना शिफ्ट दाबून धरा (यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, असेल तर स्पेसबार दाबत राहा), बूट लोडरचा मेनू येईल, त्यात फेल-सेफ ग्राफिक्सचा पर्याय निवडून पुन्हा प्रयत्न करा.

आणि एकही चित्र आलं नाही तर? मग सगळ्यात आधी हे बघा: इमेज ६४-बिट घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मशीनचा प्रकार मात्र नुसता ‘अदर / अननोन’ निवडलाय, असं झालंय का? त्याच यादीत त्याच्या शेजारी ‘६४-बिट’ लिहिलेला वेगळा पर्याय असतो, तो हवा. आमच्या पानावर ‘अदर निवडा’ एवढंच लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्याने ३२-बिट इमेज वापरली होती. त्याच्यासाठी वाक्य शंभर टक्के खरं होतं.

या प्रकारच्या लेखनातली अडचण नेमकी इथे आहे. पायरी लिहिणारा खोटं लिहित नाही. त्याच्या होस्टवर (ज्या खऱ्या संगणकावर व्हीएम चालते तो होस्ट, व्हीएममधली सिस्टिम ती गेस्ट), त्याच्या आवृत्तीवर, त्या दिवशी ती पायरी खरीच असते. पान मात्र ती सगळ्यांसाठी आणि कायमची खरी असल्यासारखी सांगतं.

हात न लावता बिघडलेलं पान

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लिनक्सवाल्यांचं. आमच्या पानावर एक ओळ होती: ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही असा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा.’ (व्हीटी-एक्स म्हणजे व्हीएम चालवायला मदत करणारी इंटेल प्रोसेसरमधली सोय, बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम.) वर्षानुवर्षं बरोबर ओळ.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, याची ६.१२ ही आवृत्ती आली. त्याआधी केव्हीएम या लिनक्सच्या स्वतःच्या व्हीएम चालवणाऱ्या सोयीचं मॉड्यूल लोड झालेलं असलं तरी प्रत्यक्ष एखादी व्हीएम सुरू होईपर्यंत ते प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्या ताब्यात घेत नसे. ६.१२ पासून मॉड्यूल लोड होतानाच ती सोय ताब्यात घेतली जाऊ लागली, आणि पुष्कळ लिनक्सवर हे मॉड्यूल मशीन चालू होतानाच आपोआप लोड होतं. व्हर्च्युअलबॉक्स उघडून मशीन सुरू करायला जावं तर संदेश: व्हीटी-एक्स दुसरा हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) वापरतोय.

एका काकांचा फोन आला. निवृत्तीनंतर नेटाने संगणक शिकणारे गृहस्थ, रोज थोडं थोडं काहीतरी करून बघतात. संपूर्ण संध्याकाळ ते बायोसमध्ये होते. व्हर्च्युअलायझेशन चालू होतंच. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा चालू केलं, मग बायोस मूळ सेटिंगवर आणलं आणि त्या भरात घड्याळाची वेळही बिघडली. ‘तुमच्या पानावर बायोस म्हटलंय म्हणून मी बायोसच बघत बसलो,’ ते म्हणाले. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी संदेश वाचला, पानावर त्याच्याशी मिळताजुळता संदेश शोधला आणि लिहिलं होतं ते केलं. चूक आमची होती. संदेश शब्दशः न देता आम्ही त्याचा नुसता आशय दिला होता, त्यामुळे ‘उपलब्ध नाही’ आणि ‘दुसरा वापरतोय’ या दोन वेगळ्या आजारांना एकच औषध सांगितलं गेलं.

तुमच्याकडे हा दुसरा संदेश येत असेल तर बायोसला हात लावू नका. इंटेल असेल तर केव्हीएम-इंटेल, एएमडी असेल तर केव्हीएम-एएमडी हे मॉड्यूल काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. चाललं तर निदान पक्कं झालं. कायमची सोय हवी असेल तर केव्हीएमला बूटच्या वेळी ‘लोड होतानाच व्हर्च्युअलायझेशन चालू करणं’ शून्यावर ठेवायला सांगणारा कर्नलचा पर्याय आहे, तो वापरा. माझं स्वतःचं मत मात्र वेगळं आहे: लिनक्सवर असाल तर सरळ क्यूईएमयू (व्हर्च्युअलबॉक्ससारखाच प्रोग्राम) आणि केव्हीएम वापरा. केव्हीएम २००७ पासून कर्नलमध्येच आहे, एका म्यानात दोन तलवारी कशाला ठेवायच्या? फक्त क्यूईएमयू सुरू करताना केव्हीएम चालू करायचा पर्याय द्यायला विसरू नका. तो विसरला की सगळं नुसत्या अनुकरणावर (इम्युलेशनवर) चालतं, माउस चिखलातून ओढल्यासारखा हलतो आणि लोक म्हणतात हायकू संथ आहे.

‘का’ न लिहिलेली पायरी

दुसरी तक्रार नेटवर्कची. पानावरची पायरी होती: ‘नेटवर्कमध्ये ब्रिज्ड निवडा.’

घरी राउटर असलेल्या माणसाला हे चालायचं. वसतिगृहातल्या वायफायवर चालायचं नाही, कारण ब्रिज्ड म्हणजे व्हीएम त्या नेटवर्कवर स्वतःच्या वेगळ्या ओळखीने, वेगळ्या पत्त्याने उभी राहते आणि असं नेटवर्क बहुधा एका नोंदणीवर एकच उपकरण आत घेतं. मुलं कळवायची, ‘हायकूत इंटरनेट नाही.’ आम्ही सांगायचो, ‘नॅट करून बघ.’ नॅटवर, म्हणजे व्हीएम होस्टच्याच ओळखीने बाहेर जाते तेव्हा, लगेच चालायचं. कुणीतरी पानावर ‘टीप: न चालल्यास नॅट’ असं जोडलं. दुसऱ्या कुणीतरी खाली लिहिलं, ‘नॅट करू नका, एसएसएच चालत नाही.’ तिसऱ्याने लिहिलं, ‘सुधारणा: वरची टीप जुनी आहे.’ वरची म्हणजे कोणती, हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

शेवटी इतिहास उकरून ती मूळ ओळ लिहिणारीला विचारलं. ती म्हणाली, मला होस्टवरून हायकूत एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला आज्ञा द्यायची सोय) शिरायचं होतं म्हणून ब्रिज्ड घेतलं, एरवी काही गरज नाही.

हे एक वाक्य तेव्हाच लिहिलं असतं तर तीन टिपा लिहायची वेळ आली नसती. आता पानावर असं आहे: नॅट तसंच राहू द्या. हायकूच्या नेटवर्क प्रेफरन्सेसमध्ये पत्ता १०.०.२.१५ दिसला म्हणजे नॅट नीट चालू आहे. व्हर्च्युअलबॉक्स आणि क्यूईएमयू दोन्हींत पहिल्या मशीनला एरवी हाच पत्ता मिळतो. खात्री करायला वेबपॉझिटिव्ह या हायकूच्या ब्राउझरमध्ये एखादं पान उघडा, पिंग करू नका, कारण क्यूईएमयूच्या साध्या नेटवर्कमध्ये इंटरनेट चालू असतानाही बाहेरचं पिंग अडकू शकतं आणि माणूस नाहक घाबरतो. होस्टवरून आत शिरायचंच असेल तर हायकूत वापरकर्त्याला पासवर्ड द्या, एसएसएच सर्व्हर चालू करा आणि होस्टचा २२२२ क्रमांकाचा पोर्ट गेस्टच्या २२ क्रमांकाकडे वळवा. नेटवर्क कार्ड इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप ठेवा, त्याचा ड्रायव्हर हायकूत आधीपासून आहे. ब्रिज्डचा उल्लेख आता फक्त एका ओळीत आहे आणि त्या ओळीत ते कशासाठी हेही आहे.

हिरवं कासव

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीत उजवीकडे एक छोटं चिन्ह असतं. तिथे हिरवं कासव दिसत असेल तर त्याचा अर्थ असा की विंडोजने प्रोसेसरची सोय हायपर-व्ही या स्वतःच्या हायपरव्हायजरसाठी धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्याच मार्फत काम करतोय. मशीन चालतं, पण रखडत, आणि कधी कधी मध्येच अडतं.

आमच्या पानावर याचा उपाय एका ओळीत होता: विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही बंद करा. ही ओळ दोन प्रकारे अपुरी होती. एक तर विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर हायपर-व्हीची खूण काढूनही कासव जात नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एका मुलाने आमचं वाचून हायपर-व्ही आणि त्याच्या शेजारचं व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मही बंद केलं. कासव गेलं, हायकू झकास चाललं. दुसऱ्या दिवशी त्याचं डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) उघडेना, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) उघडेना, आणि त्याच्या प्रकल्पाचं सादरीकरण होतं. दोन्ही त्याच सोयीवर उभे असतात. हे आम्हाला माहीत होतं. पानावर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक कडक नियम पाळतो: जी पायरी गेस्टच्या बाहेर जाऊन होस्टला हात लावते, तिच्याआधी ‘यामुळे काय बंद पडेल’ आणि तिच्यानंतर ‘परत कसं आणायचं’ हे दोन्ही लिहिल्याशिवाय ती पानावर घ्यायची नाही. मेमरी इंटिग्रिटी ही तर सुरक्षेची गोष्ट आहे. केवळ हौसेने व्हीएम बघणाऱ्याला ती बंद करायला सांगणं मला पटत नाही. हायकू हलकं आहे, कासवासकटही बघण्यापुरतं चालतं. तसंच लिहिलंय आता.

‘ते बटणच नाही’

याला जास्त वेळ नको. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ मध्ये बेसिक आणि एक्स्पर्ट अशा दोन पातळ्या आल्या आणि बेसिकमध्ये पुष्कळ सेटिंग दिसत नाहीत. आमचे स्क्रीनशॉट ६.१ चे होते. एक्स्पर्टवर गेलं की बटण सापडतं. चित्रं बदलायला दोन रविवार गेले आणि पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा जुनी होणार हे तेव्हाच कळत होतं. म्हणून चित्रं कमी केली. व्हर्च्युअलबॉक्सला आज्ञांनी मशीन उभारून देणारी सोय आहेच. आम्ही आठ-दहा आज्ञांची एक छोटी स्क्रिप्ट पानाला जोडली. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर बदललं तरी काय बदललं ते जुन्या-नव्या आवृत्तीच्या फरकात दिसतं. स्क्रीनशॉट बदलला तर फरकात फक्त ‘चित्र बदललं’ एवढंच दिसतं, तपासणाऱ्याला काही कळत नाही.

भाषेबद्दलही इथेच सांगतो. सुरुवातीला आम्ही बटणांची नावंही मराठीत घातली होती, ‘जाळे जोडणी’, ‘साठवण’ वगैरे. वाचायला छान वाटायचं. पण पडद्यावर तसं बटण नसतं, आणि नवखा माणूस ‘साठवण’ शोधत राहतो. आता नियम साधा आहे: पडद्यावर जे ज्या अक्षरांत आहे ते तसंच्या तसं द्यायचं, आणि ते काय करतं हे आपल्या मराठीत समजवायचं.

सगळ्यात मोठं कारण: लिहिणाऱ्याचं मुरलेलं मशीन

वरचे सगळे बिघाड एकेकटे दिसतात. मुळाशी एक समान गोष्ट निघाली. आमच्यातला जो तो आपल्या रोजच्या व्हीएमवर बघून लिहित होता. त्या व्हीएममध्ये वर्षभरापूर्वी काहीतरी बदललेलं असतं, ते विसरलेलं असतं. एकदा मी स्वतः ‘ध्वनीसाठी काहीही करावं लागत नाही’ असं लिहिलं. माझ्या मशीनमध्ये ध्वनीचा कंट्रोलर मीच आधी कधीतरी बदलला होता. हे कळलं ते महिन्याभराने, नव्या लॅपटॉपवर नवीन मशीन बनवलं तेव्हा. शांतता. मग आठवलं.

त्यामुळे आता पान बदलायचं तर नवीन मशीन बनवायचं, इमेज प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून ताजी उतरवायची, पान एका बाजूला उघडं ठेवायचं आणि स्वतःला माहीत असलेलं काहीही न वापरता फक्त लिहिलेलं करायचं. जिथे हात आपोआप पुढे गेला तिथे पानात एक पायरी कमी आहे. हायकूचं इन्स्टॉलेशन काही मिनिटांत होतं, त्यामुळे सबब चालत नाही.

आणि प्रत्येक भागाखाली छोट्या अक्षरांत एक ओळ, उदाहरणार्थ:

‘तपासलं: विंडोज ११, व्हर्च्युअलबॉक्स ७.१, हायकू बीटा ५ (६४-बिट), नवीन मशीन, फेब्रुवारी २०२५.’

एवढंच. सुरुवातीला काहींना हे कारकुनी काम वाटलं. पण याच एका ओळीमुळे वाचणाऱ्याला कळतं की आपलं मशीन या वाक्याच्या किती जवळ आहे. ओळ सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की एक लहानशी स्क्रिप्ट त्या भागावर पिवळी पट्टी लावते: ‘बऱ्याच दिवसांत पुन्हा तपासलेलं नाही.’ पान खोटं ठरत नाही, पण वाचणारा सावध होतो, आणि आमच्यापैकी कुणाला रिकामा तास मिळाला तर काय करायचं ते शोधावं लागत नाही. नाइटली इमेजवर (ताज्या, अजून न ठरलेल्या आवृत्तीवर) तपासलं असेल तर ‘अबाउट’ खिडकीतला आवृत्तीचा पूर्ण क्रमांकही लिहायचा, कारण नाइटली रोज बदलते.

प्रत्येक पायरीनंतर ‘आता काय दिसायला हवं’ हेही लिहितो. ‘मशीन सुरू करा’ एवढं पुरत नाही. ‘मशीन सुरू करा, सात चित्रं उजळतील, मग भाषा निवडायची खिडकी येईल.’ दिसलं नाही तर माणूस तिथेच थांबतो, पुढच्या पाच पायऱ्या बिघडलेल्या मशीनवर करत बसत नाही.

मिळून सांभाळताना

चार माणसांचं पान म्हटलं की त्यात भर पडत जाते, काढत कुणी नाही. दुसऱ्याने मेहनतीने लिहिलेलं पुसायला जीव होत नाही. हा संकोच मला समजतो, तो चांगल्या माणसांना वाटतो. पण ‘टीप’, ‘नवीन टीप’, ‘महत्त्वाची टीप’ असा डोंगर झाला की वाचणारा बिचारा पहिलीच वाचून निघून जातो. गिटमध्ये (पानाचे सगळे बदल जपून ठेवणारा प्रोग्राम) इतिहास राहतोच, पुसलेलं हरवत नाही. म्हणून आमच्याकडे आता टीप जोडता येत नाही. चूक दिसली तर मूळ वाक्यच बदलायचं आणि का बदललं ते कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, संदेशात लिहायचं. ज्याचं वाक्य बदललं त्याला कळवायचं. तेवढ्याने कुणी दुखावत नाही, उलट पुष्कळदा तोच म्हणतो, अरे मीच करणार होतो.

बदल मूळ पानात मिसळण्याआधी (मर्ज करण्याआधी) तो वेगळ्या होस्टवाल्याने वाचायचा, हेही ठरलंय. लिनक्सवाल्याचं विंडोजवाल्याने, विंडोजवाल्याचं मॅकवाल्याने. आपल्यासारखंच मशीन असलेल्याला आपल्यासारखीच चूक दिसत नाही.

अजून एक, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. हायकूच्या संकेतस्थळावर व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू यांची इंग्रजी मार्गदर्शिका आहे आणि त्या संकेतस्थळाचा मजकूरही सगळ्यांना दुरुस्ती सुचवता येईल असा खुला आहे. पूर्वी आम्हाला चूक सापडली की आम्ही फक्त मराठी पान सुधारायचो. काही महिन्यांनी कुणीतरी मूळ पानावरून पुन्हा भाषांतर करायचा आणि तीच चूक परत यायची. आता तांत्रिक दुरुस्ती आधी मूळ ठिकाणी पाठवायची, मग मराठीत आणायची, असा क्रम आहे. इंग्रजी लिहायची भीड असलेल्याला दुसरा कुणीतरी मदत करतो. मराठी पानात फक्त आपल्या लोकांना लागणारं जादा असतं: कमी मेमरीच्या लॅपटॉपवर किती द्यावी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इमेज उतरवताना मध्येच तुटली तर तिथूनच पुढे कशी उतरवायची, अशा गोष्टी.

व्हीएमवेअरचं पान गेल्या वर्षी पूर्ण नव्याने लिहिलं. जुन्यात ‘मोफत हवं असेल तर प्लेअर घ्या’ असं होतं. २०२४ च्या मे महिन्यात वर्कस्टेशन प्रो वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं, नोव्हेंबरात सगळ्यांसाठी, आणि प्लेअर बंद झाला. ही माहिती तीन वेगवेगळ्या पानांवर तीन प्रकारे लिहिलेली सापडली. आता ती एकाच ठिकाणी आहे आणि बाकीची पानं तिकडे बोट दाखवतात.

सध्या पिवळी पट्टी दोन भागांवर आहे. एक प्रॉक्समॉक्सचा (सर्व्हरवर व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर). दुसरा मॅकचा, आणि तो जास्त अडतोय. एम-१ आणि त्यानंतरच्या मॅकवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त एआरएम (त्या मॅकमधल्या प्रोसेसरचा प्रकार) गेस्ट चालतात, हायकूचं एआरएमवरचं काम अजून अपुरं आहे, त्यामुळे यूटीएम या मॅकवरच्या व्हीएम प्रोग्राममध्ये पूर्ण अनुकरणाने एक्स-८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची) इमेज चालवणं हाच मार्ग उरतो. चालते, संथ चालते. पण आमच्यापैकी ज्याच्याकडे असा मॅक होता तो नोकरीसाठी दुसरीकडे गेला आणि त्याची ओळ आता जुनी झाली आहे. तुमच्याकडे असा मॅक असेल तर नवीन मशीन बनवून बघा आणि इतकंच कळवा: मॅकओएसची आवृत्ती, यूटीएमची आवृत्ती, हायकूची इमेज कोणती, आणि अडकलंच तर कितव्या चित्रावर.